गाडीचं पाणी

जेऊर मागं पडलं, घाटाचा उतार सुरू झाला आणि समोर ट्रकांची थांबलेली रांग दिसली, तेव्हाच दानीएलनं पुढचं ओळखलं. रांग म्हणजे गाडी उभी राहणार. गाडी उभी राहिली की इंजिनाला वारा लागायचा बंद, आणि वारा बंद झाला की इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर. काट्याकडे बघायचंच नाही असं त्यानं ठरवलं आणि लगेच बघितलं. काटा निम्म्यावर होता. तो नेहमी निम्म्यावरच असतो, सरकताना कधी दिसत नाही. पुढच्या टँकरचा नंबर वाचावा, परत बघावं, तर हा आपला वर जाऊन बसलेला. तसंच झालं. पाठोपाठ डॅशबोर्डच्या आतून आवाज आला, गुडगुड गुडगुड, आत बसून कुणी चूळ भरत असल्यासारखा. हवा. अजून हवा. दानीएलनं स्टिअरिंगवर तळहात आपटला. शेजारी बसलेल्या वडलांनी, पपांनी, मांडीवरची पाण्याची बाटली सावरून धरली.

गेल्या रविवारची अख्खी दुपार या हवेनं खाल्ली होती. चर्चहून आल्यावर जेवणसुद्धा न करता त्यानं रेडिएटरमधलं जुनं पाणी सोडलं. पाणी कसलं, गंजाचा काढा. मग नवं हिरवं कूलंट भरलं. मोबाईलवरचा माणूस सांगत होता की नुसतं भरून भागत नाही, आत हवा अडकते, ती बाहेर काढावी लागते. झाकण उघडं ठेवा, गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर पूर्ण गरमवर लावा, इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. कंपाउंडात चढ कुठून आणायचा? त्यानं पुढची चाकं विटांवर चढवली. आणि एप्रिलच्या भर दुपारी, अख्खं नगर पंख्याखाली आडवं झालेलं असताना, हा शहाणा काचा वर करून हीटर लावून गाडीत बसला, गरम हवा कधी येते याची वाट बघत. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं. त्याची बायको आराधना दारात येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. ती दवाखान्यात स्टाफ नर्स, माणसं कशी वेडी होतात ते तिनं पाहिलेलं. "अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं. शेवटी गरम हवा आली, बुडबुडे थांबले, त्यानं झाकण दाबून पक्कं बसवलं आणि घामानं निथळत घरात गेला. मंगळवारी परत गुडगुड. बुधवारी शाळेतून आल्यावर परत विटा, परत हीटर. मग नवं झाकण आणलं. पाइपांचे जोड बोटांनी चाचपून झाले. स्टँडजवळचा फिटर इंजिनाकडे न बघताच म्हणाला, इंजिन उघडावं लागेल. आठवी-नववीच्या पोरांना उष्णतेनं प्रसरण कसं होतं ते तो वर्षानुवर्षं शिकवत आला होता आणि एका डबड्यातली हवा त्याच्याच्यानं निघत नव्हती. हवा येते कुठून, हेच त्याला कळेना.

आणि गाडी आजच धड हवी होती. आज पपांना घोडेगावला दीनाकडे पोचवायचं होतं, कायमचं. हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. दीना, त्याची बहीण, फोनवर म्हणाली होती, "इकडं आम्ही कुणी ना कुणी असतोच घरी, तुमच्याकडं दिवसभर कुलूप." आराधना तेव्हा पपांच्या पायावरची पट्टी बदलत होती. दोन आठवड्यांपूर्वी चहाचं उकळतं पातेलं पपांच्या हातातून निसटून पायावर पडलं, घरात कुणी नव्हतं, आणि ते संध्याकाळपर्यंत पाय बादलीत बुडवून बसून राहिले. शेजारच्यांना हाक मारली नाही, फोन केला नाही. का नाही केला, असं विचारल्यावर म्हणाले, तुमी कामावर हुते की. त्यानंतर दोन रात्री दानीएलला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विषय काढला, दीनाचं नाव घेतलं, लगेच बाजू मांडायला लागला, हवा चांगली आहे, गोठा आहे, नातवंडं आहेत, शनिवार-रविवार आम्ही येत जाऊ. पपा ऐकून घेत होते. म्हणाले, "बरं." बस, एवढंच. भांडले असते, रागावले असते, आईच्या नावानं रडले असते, तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. हे 'बरं' म्हणजे त्याच्या छातीवर ठेवलेला दगड होता आणि तो घेऊनच तो आठवडाभर गाडीच्या तोंडात डोकं घालत होता.

रांग हलेना. काटा लाल पट्ट्याला टेकायला आला तेव्हा त्यानं हीटरचं बटण पूर्ण फिरवलं. आत इंजिन उकळत होतं आणि जाळीतून येणारी हवा सपक, थंडगार. "गार हवा येती की," पपा म्हणाले, "चांगलं हाय." दानीएलला ओरडावंसं वाटलं. गरम यायला पाहिजे पपा, गरम. गार येतेय म्हणजेच तर वाटोळं झालंय. पण त्यानं दात आवळले, मागच्या पिकअपवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि गाडी डाव्या हाताच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत घेऊन बंद केली. उन्हानं समोरचा डोंगर पांढरा पडला होता. एक बाभूळ तेवढी होती आणि तिच्याखाली तिच्याएवढीच सावली. बॉनेट उघडलं तर वाफ अंगावर आली. वाफ विरल्यावर त्याला झाकण दिसलं. झाकणाचे दोन कान बरोबर आडवे यायला हवेत, त्यानं स्वतः बुधवारी बसवले होते, हाताची शीर दुखेपर्यंत दाबून. आता ते तिरके होते. झाकण पहिल्या टप्प्यावर नुसतं टेकलेलं होतं आणि त्याच्या कडेनं हिरवट पाणी उकळून बाहेर येत होतं.

"पपा," तो म्हणाला, "तुम्ही हे उघडलं होतं?"

"पानी बघितलं," पपा म्हणाले. ते खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळत पुढं आले होते.

"कधी?"

"सकाळी. निघायच्या आधी पानी बघाय नको?"

"म्हणजे रोज बघता?"

"रोजच बघतो की. जरासं कमी हुतं, घातलं." आणि टॉवेल गुंडाळलेला हात त्यांनी झाकणाकडे नेला.

दानीएलनं तो हात मनगटाला धरून जवळजवळ फेकला. उकळतं पाणी तोंडावर येईल, एकदा पाय भाजून घेतला तेवढा पुरे नाही का, असं काहीतरी तो बोलला, आणि मग आठवड्याचं सगळंच बाहेर पडलं. किती वेळा सांगितलं की ही जीप नाही. हिला रोज पाणी लागत नाही. ही बंद असते, दाबाखाली असते. झाकण सैल राहिलं की गरम झाल्यावर पाणी बाहेर आणि गार झाल्यावर हवा आत. मी विटांवर गाडी चढवतोय, एप्रिलमध्ये हीटर लावून घामाघूम होतोय, बायको मला वेड लागलं समजतेय, आणि तुम्ही रोज सकाळी येऊन परत हवा भरताय. शिवाय बोअरचं पाणी, त्यानंच गंज चढतो. दोन टप्पे असतात याला, दाबायचं आणि फिरवायचं. "दाबलं की," पपा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि टॉवेल सोडून परत खांद्यावर टाकला. तो टाकताना दानीएलला त्यांचा उजवा अंगठा दिसला, बाहेर वळलेला, लुळा. त्या अंगठ्यानं बाटलीचं बूचसुद्धा धड लागत नसेल. चहाचं पातेलं निसटलं ते लक्ष नव्हतं म्हणून, असं सगळ्यांनी धरलेलं. लक्ष कधीच कुठं गेलं नव्हतं, गेला होता तो अंगठा. त्याला आणखी राग आला, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

गाडी गार होईपर्यंत काही करता येत नव्हतं. दोघं बाभळीखाली बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. रांग थोडी पुढं सरकायची, परत थांबायची. पपा, म्हणजे भिमाजी ड्रायव्हर, म्हणजे एके काळी मिशनच्या दवाखान्याची जीप. लोक माणसाला ओळखत नसत, जीपला ओळखत. तान्ही पोरं, बाळंतिणी, साप चावलेले, सगळं त्यांनी त्या जीपमधून वाहिलं. सुट्टीत दानीएल पुढच्या सीटवर मधोमध बसायचा, गिअरच्या दांड्याला गुडघे लागू न देता. पारनेरच्या बाजूचं एक गाव त्याला आठवत होतं. असंच ऊन, डॉक्टरबाई आत तपासायला गेलेल्या, आणि त्याच्या घशाला कोरड पडलेली. पाणी हवं म्हणून त्यानं पपांचा शर्ट ओढला. पपा जीपमधून उतरले, बॉनेट उघडलं आणि समोरच्या घरातल्या बाईला म्हणाले, वहिनी, गाडीला पानी पायजे. बाईनं कळशी भरून आणून दिली, चकचकीत पितळेची, घरातली. पपांनी अर्धं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि बॉनेटच्या आड उकिडवं बसून उरलेलं दानीएलच्या ओंजळीत धरलं, मग स्वतः प्याले. कळशी धुऊन परत दिली. पुढं रस्त्याला लागल्यावर दानीएलनं विचारलं, पपा, आपल्याला प्यायला का नाही मागितलं? पपा म्हणाले, गाडीला मागितलं की कुनी काय इचारत न्हाई. मानसाला मागितलं की आधी इचारत्यात, तुमी कोन. ते हसत सांगत होते, एखादी युक्ती शिकवावी तसे. त्या वयात दानीएललाही ती युक्तीच वाटली होती. शाळेत त्यानं ती मित्राला सांगितलीसुद्धा होती. नंतर अर्थ कळला तेव्हा पपांशी त्याबद्दल बोलायची वेळ निघून गेलेली होती. निघताना पाणी बघायची सवय मात्र त्यांनी सोडली नाही. जीप भंगारात गेली, ते निवृत्त झाले, आई गेली, आणि दारात ही चौदा वर्षांची पांढरी गाडी उभी राहिली. सकाळी उठून प्रार्थना, मग गाडीचं पाणी, मग चहा. आता चहाही त्यांनी करायचा नाही असं ठरलेलं.

"इथनं घोडेगाव किती राह्यलं?" पपांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. या रस्त्याचा खड्डान् खड्डा त्यांनी तुडवला होता.

"जवळच आहे," दानीएल म्हणाला.

बॉनेटवर हात ठेवता यायला लागला तेव्हा तो उठला. हवा काढायला गाडीचं तोंड चढाकडे पाहिजे आणि इथं ते उताराकडे होतं. त्यानं गाडी सुरू केली, मुरमातच मागंपुढं करत वळवली आणि घाटाच्या वरच्या अंगाला तोंड करून लावली. बाहेर उभे असलेले पपा गाडीबरोबर वळले. ते नगरच्या दिशेनं बघत होते. "परत फिरायचं का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका साधा होता की दानीएलला आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला, "नाही, नाही. हवा काढायला तोंड वर लागतं. वर आलेली हवा झाकणातून निघते."

"बरं," पपा म्हणाले.

कूलंटचा कॅन घरी राहिला होता. डिकीत जॅक होता, स्टेपनी होती, दीनासाठी घेतलेला खाऊ होता, पपांची बॅग, उशी, जाड अक्षरांचं बायबल, सगळं होतं. कॅन नव्हता. आपण असे कसे बावळट, म्हणून त्यानं डिकी आपटली, तेवढ्यात पपांनी त्यांच्याजवळची बाटली पुढं केली. तीच बोअरच्या पाण्याची. ज्या पाण्यावरून त्यांना इतका वेळ बोललो तेच आता लागणार होतं. त्यानं बाटली घेतली. रेस धरायला कुणीतरी आत बसायला हवं होतं. पपा आपणहून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्यांनी सीट पुढं घेतली, आरसा नीट केला, जायचं कुठंच नसताना. मग दानीएलनं झाकण उघडलं आणि म्हणाला, "हीटर पूर्ण गरमवर ठेवा. रेस थोडी." इंजिनाचा आवाज जरा चढला आणि तिथंच थांबला. एक तसूभर वरखाली नाही. हातांनी दगा दिला होता पण पाय, एक पट्टीत असला तरी, तेच होते. नळ्या दाबायचं काम दानीएल करत होता, दाब, सोड, दाब, सोड, आणि तोंडातून बुडबुडे येत होते, बारीक, मग एकदम मोठा एक, ढेकर दिल्यासारखा, आणि पाणी खाली गेलं. त्यानं बाटलीतलं ओतलं. परत बुडबुडे. परत ओतलं. उन्हानं मान भाजत होती. काचेतून त्याला पपा दिसत होते, समोर रस्त्याकडे बघणारे. हीटरचा झोत सरळ त्यांच्या तोंडावर होता. काच खाली करा म्हणायचं त्याला सुचलं नाही आणि त्यांनीही केली नाही.

"आली," पपा आतून म्हणाले. "ऊन हवा आली."

दानीएल धावत गेला, दार उघडून हात जाळीवर धरला. चटका बसेल इतकी गरम. त्याच वेळी रेडिएटरचा पंखा सुरू झाला. पाणी तोंडाशी येऊन थांबलं होतं, एकही बुडबुडा नव्हता. आठवड्यात पहिल्यांदा त्याला खराखुरा आनंद झाला, पोरासारखा. "निघाली पपा, सगळी निघाली," तो म्हणाला. पपा उतरून आले. त्यांचं तोंड घामानं भिजलेलं, लाल. वाकून त्यांनी पाण्याकडे बघितलं, मान हलवली आणि झाकण उचलून तोंडावर ठेवलं. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागले. झाकण पहिल्या टप्प्यापर्यंत गेलं. ते आणखी वाकले, अंगाचा भार टाकला, त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. झाकण हललं नाही. दानीएल बघत उभा राहिला. मदत करावी की बघितलंच नाही असं दाखवावं, त्याला ठरवता येईना. मग पपा बाजूला झाले.

"तू लाव," ते म्हणाले. आणि टॉवेलनं तोंड पुसता पुसता म्हणाले, "गाडी चांगली झाली. आता पोचवशील मला."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर दानीएलनं परतवला असता. त्यानं झाकण दाबून फिरवलं, दोन्ही कान आडवे आले, आणि परत मुरमात मागंपुढं करून गाडीचं तोंड घोडेगावकडे केलं. रांग सुटली होती. पांढरीचा पूल आला, गेला. काटा निम्म्यावरून तसूभर हलला नाही. घोडेगावात दीनानं ओसरीवर पलंग टाकून ठेवला होता, नवी चादर. जावई जेम्सनं बॅग उचलली. जेवणं झाली, दीना सारखी बोलत होती. निघताना पपा फाटकापर्यंत आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सावकाश जा." येताना घाट चढतानाही काटा हलला नाही. दानीएलच त्याच्याकडे सारखा बघत होता, हल म्हणून. घरी आराधना पपांचा कप घासत होती. "थर्मास तरी घेऊन बघायला हवा होता आपण," ती म्हणाली, "सकाळी चहा भरून ठेवला असता." इतकी साधी गोष्ट. त्याला तिचा राग आला, मग आपला आला, आणि तो न जेवता झोपला.

रविवारी सकाळी चर्चला निघायच्या आधी तो कंपाउंडात आला. ती वेळ पपांची. त्यानं बॉनेट उघडलं. झाकणाचे दोन्ही कान आडवे, काल बसवले तसेच. दाबून फिरवलं, उघडलं. पाणी तोंडापर्यंत, निश्चळ, कालच्या घाटातल्या धुरळ्याचा एक कण तेवढा त्यावर. रेडिएटरला जोडलेल्या बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी बरोबर रेघेवर. ना थेंब कमी, ना हवा. आठवडाभर त्याला हवं होतं ते अगदी हेच. तो बघत राहिला आणि त्याला एकदम पोरकं वाटलं, आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं. झाकण हातात तसंच धरून त्यानं दीनाला फोन लावला.

"पपा उठले?"

"कधीचे," दीना म्हणाली. "यांच्या मोटारसायकलपाशी उभे आहेत. हिला पाणी कुठं घालतात म्हणून विचारतायत. यांना हसू आवरेना."

"दे त्यांना."

फोन या हातातून त्या हातात जाताना खरखरला. मग श्वास ऐकू आला.

"दानीएल," पपा म्हणाले, "पानी बघितलं का?"

"बघितलं."

"किती हाय?"

दानीएलनं खाली बघितलं. पाण्यात त्याचंच तोंड दिसत होतं.

"कमी आहे," तो म्हणाला. "बरंच कमी आहे, पपा. मला काही समजत नाहीये. तुम्हीच येऊन बघा. मी येतोय न्यायला, आत्ता."

पलीकडे कोंबडा आरवला, दीना कुणाला तरी काही म्हणाली.

"बरं," पपा म्हणाले. आणि मग, "पानी मी घालीन. झाकन तू दाबत जा."